दुसरं पाणी

साबणाचा खटला एकदाचा निकालात निघाला असं सगळ्यांनाच वाटलं होतं. थोरल्या मुलाने हार मानून जुनी पावडर परत आणली, नव्या पावडरीची पोती मागच्या दाराशी नेऊन आपटली, आणि धाकट्या सुनेचे कपडे, पांघरुणं, उशांचे अभ्रे, इतकंच काय तिच्या खोलीचे पडदेसुद्धा नुसत्या पाण्यातून खळबळून काढले. तरी सोमवारी सकाळी बघावं तर धाकटी जिन्याच्या लाकडी कठड्याला पाठ घासत उभी. गोठ्यातली म्हैस खांबाला अंग घासते ना, तश्शी. सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, डोळे मिटून.

या घराचा धंदाच कपडे धुण्याचा. खाली लाँड्री, वर बिऱ्हाड. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे गाऊन, लोकांचे कोट आणि शर्ट, सगळं खालच्या ड्रममधून फिरून, वाफेच्या रोलरखालून निघून, घडी होऊन बाहेर पडायचं. ‘आमच्याकडनं गेलेल्या कपड्याने आजवर कुणाला खाज सुटलेली नाही,’ हे सासूबाईंचं ब्रीदवाक्य. घरात त्यांना आई म्हणत, बाहेर सगळे मालकीणबाई. आणि खाज सुटली ती नेमकी घरातल्याच पोटुशीला! मग काय विचारता? काविळीच्या डोळ्यांना सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसा या घराच्या डोळ्यांना सगळीकडे साबण दिसतो. दोन आठवडे साबणावरून भांडणं झाली. पावडर थोरल्याने बदललेली, म्हणून गुन्हेगार थोरला. थोरलीने नवऱ्याची बाजू घेतली, म्हणून धाकटीने तिच्याशी बोलणं टाकलं. एवढ्या गडबडीत डॉक्टरला विचारायचं मात्र एकाच्याही डोक्यात आलं नाही.

“अगं, कठड्याचं पॉलिश निघेल,” थोरली खालून म्हणाली. ती काउंटरवर कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती.

“माझंच निघतंय आधी,” धाकटी म्हणाली, आणि मग आपण हिच्याशी बोलत नाही हे तिला आठवलं.

थोरली वर आली. धाकटीचा हात धरून उलटासुलटा करून पाहिला. नखांचे ओरखडे होते, बाकी कातडी स्वच्छ. पुरळ नाही, चट्टा नाही, गांध नाही.

“कुठे जास्त खाजतं?”

“तळव्यांना. आणि तळपायांना. रात्री तर वाटतं पाय कापून बाजूला ठेवावेत.”

“तळपायांना?” थोरली तिच्याकडे बघतच राहिली. “बाई गं, तुझे तळपाय आम्ही कधी धुतले? कपड्याचा आणि तळपायाचा काय संबंध?”

धाकटीने थोरलीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडायला लागली. थोरली नुसती तिची पाठ खाजवत राहिली. समजूत काढण्याचं तिला कधी जमलेलंच नाही.

“चप्पल घाल. डॉक्टरीणबाईंकडे जाऊ.”

खालच्या दाराशी मालकीणबाई आडव्या आल्या. “दोघी? कुठे निघालात? आज तिचं सगळं वाफेवर घेणार आहे मी. वाफेपुढे काही टिकत नाही.”

“आई, कपडे झाले, पडदे झाले. आता हिलाच घालायची का वाफेवर?” थोरली म्हणाली. पंधरा वर्षांच्या संसारात ती सासूला पहिल्यांदाच असं बोलली. मालकीणबाई इतक्या चकित झाल्या की रागवायचंच राहून गेलं.

*

बुधवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. रिपोर्ट आलेत, पेशंटला घेऊन या, आणि घरात निर्णय घेणारं जे कुणी असेल त्यांनाही आणा. झालं! या घरात निर्णय घेणारे आपणच असं प्रत्येकालाच वाटत असल्यामुळे लाँड्रीला कुलूप लागलं आणि सगळेच्या सगळे आले. दवाखान्याच्या खोलीत खुर्च्या दोनच. एका खुर्चीवर धाकटी, दुसरीवर मालकीणबाई. थोरला दाराला टेकून, थोरली खिडकीपाशी, आणि धाकटा बायकोच्या मागे, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

“हे साबणाचं नाही,” डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं. थोरलीकडून त्यांना सगळं कळलं होतं. “हे यकृताचं आहे. यकृतातलं पित्त आतड्यात उतरायला हवं. ते अडून रक्तात साचायला लागलंय. ही खाज त्याची आहे.”

“म्हणजे साबणाने नाही,” थोरला म्हणाला.

“नाही.”

“अजिबातच नाही?”

“अरे, नाही म्हणाल्या ना त्या!” थोरली खेकसली.

दोन आठवडे थोरल्याच्या छातीवर बसलेला दगड उतरला होता, आणि उतरला याचीच त्याला लाज वाटत होती. समोर भावजय पिवळट चेहऱ्याने बसली आहे आणि आपल्याला बरं वाटतंय, आपण काय माणूस आहोत?

“काही जणींना गरोदरपणात हे आपोआप होतं,” डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. “पण सहसा शेवटच्या महिन्यांत, आणि एवढं नाही. हिचे आकडे फार वर गेलेत. शिवाय पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, ते या आजारात बसत नाही. हिची आतड्याच्या आजाराची गोळी चालू आहे ना, प्रतिकारशक्ती दाबणारी? माझा संशय त्या गोळीवर आहे. ती बंद करावी असं मला वाटतं.”

“बंद?” मालकीणबाई खुर्चीत ताठ झाल्या.

“आईला नुसती खाज सुटते हो, धोका बाळाला असतो. पित्त फार वाढलं तर बाळाचं हृदय काही न सांगता थांबू शकतं.”

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याच्या एका चाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत राहिली.

मालकीणबाईंच्या डोक्यात काय चाललं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. तीन वर्षांपूर्वी, धाकटीच्या पहिल्या खेपेला, ‘पोटात लेकरू असताना कसली गं औषधं खातेस?’ असं म्हणून ती गोळी त्यांनीच बंद करायला लावली होती. धाकटीचं स्वतःचंच शरीर तिच्या आतड्यावर उठतं आणि ही गोळी त्याला आवरून धरते, हे त्यांना तेव्हा कुणी नीट सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतं का, तो प्रश्न वेगळा. आजार उसळला, धाकटी मरणाच्या दारातून परत आली, बाळ मात्र राहिलं नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी बॉयलर पेटवून झाला की मालकीणबाई दोन गोळ्या आणि पाण्याचा पेला घेऊन सुनेसमोर उभ्या राहत. तिने गिळून तोंड उघडून दाखवलं की मगच खाली उतरत. एक दिवस चुकल्या नाहीत. आणि आता ही बाई म्हणते, तीच गोळी बंद करा! तेव्हा बंद केली ते चुकलं, आता दिली तेही चुकलं, मग माणसाने करायचं तरी काय?

“माझ्या हाताला यशच नाही,” त्या पुटपुटल्या. कुणी ऐकलं नाही.

“पण आतड्याच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय,” धाकटा म्हणाला. “काहीही झालं तरी मला विचारल्याशिवाय ही गोळी थांबवायची नाही. गरोदरपणात ती चालते असं ते म्हणाले होते.”

“चालतेच. बहुतेकींना काही होत नाही. म्हणूनच मी त्यांना फोन लावते. तुम्ही जरा बाहेर थांबा.”

*

बाहेरच्या बाकावर मग जे काही झालं, त्याला चर्चा म्हणायचं तर बाजारालाही मैफल म्हणावं लागेल.

“यात विचार कसला करायचा?” थोरला म्हणाला. “बाळाचं बघणारी बाई बंद म्हणते. बंद करायची.”

“आणि आतडं फाटलं तर?” धाकटा उसळला. “मागच्या वेळी हिला रक्त चढवायला तू नव्हतास बसलेला, मी होतो.”

“मी खाली धंदा बघत होतो, तू दवाखान्यात बसू शकावास म्हणून!”

“दादा, तुला नाही कळायचं. तुझं काय जातंय यात?”

बोलून गेला आणि धाकट्याची जीभच टाळ्याला चिकटली. थोरल्या दोघांना मूल नव्हतं. या घरात त्या विषयाला कुणी हात लावत नसे. थोरलीने पदराशी चाळा सुरू केला.

“दादा, मला तसं नव्हतं म्हणायचं.”

“माहितीये.”

“मला काहीच कळत नाहीये रे. गोळी दिली तर बाळ, नाही दिली तर ही. कुणीतरी मला सांगा ना, हे कर म्हणून. मी करतो. मी कधी नाही म्हटलंय?”

थोरला सरकला आणि त्याने धाकट्याला बाकावर जागा करून दिली. आयुष्यभर धाकट्याला ‘हे कर’ असं सांगत आलेला माणूस तो. आज त्याच्याकडेही सांगायला काही नव्हतं.

“आई, तुम्ही तरी बोला,” थोरली म्हणाली.

“मी? मी बंद म्हणते.” मग लगेच, “नाही, नको. चालू राहू दे. बाई गं, मला कशाला विचारता? माझं ऐकून एकदा...”

धाकटी या सगळ्यांच्या मधोमध बसली होती आणि तळवे एकमेकांवर घासत होती. आजार तिचा, बाळ तिचं, पण तिला कुणी विचारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणी विचारू नये असंच तिला वाटत होतं. विचारलं तर सांगावं लागलं असतं. तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात एक वस्तू होती आणि गेला महिनाभर ती कप्प्याची चेन सारखी चाचपून बघत होती.

दार उघडून नर्सने सगळ्यांना आत बोलावलं.

टेबलावर फोन ठेवलेला, स्पीकर चालू. आतड्याच्या डॉक्टरांचा आवाज खर्जातला आणि सावकाश.

“बाई, माझा बंद करायला विरोध नाही, पण मला कोडं सुटत नाहीये. ही मुलगी जवळजवळ तीन वर्षं याच डोसवर आहे. गेल्या महिन्यापर्यंत हिचं यकृत ठणठणीत, पेशी ठणठणीत. तीच गोळी, तोच डोस. मग महिन्याभरात असं काय बदललं?”

काय बदललं? सवयच ती! सगळ्यांच्या माना थोरल्याकडे वळल्या.

“साबण नाही म्हणाल्यात त्या!” थोरला ओरडला.

“गोळ्या नियमित घेते ना?” फोनने विचारलं.

“माझ्यासमोर घेते,” मालकीणबाई फोनवर वाकून, तो बहिरा असावा अशा आवाजात म्हणाल्या. “रोज सकाळी दोन. मी माझ्या हाताने देते, डॉक्टर. एक कमी नाही, एक जास्त नाही. आईशप्पथ.”

“मग ते गरोदरपणाचंच असेल,” आतड्याचे डॉक्टर म्हणाले. “तसं असेल तर गोळी थांबवून काही उतरणार नाही, आणि आतडं उगाच उठवून बसू.”

“तसं असेल तर मला बाळ लवकर काढावं लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “या आठवड्यातसुद्धा. आणि ते फार लहान आहे अजून.”

धाकटीने मान वर केली. लवकर काढावं लागेल? या आठवड्यात?

“थांबा,” ती म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की फोनमधला माणूस बोलतच राहिला.

“थांबा ना! मी चार घेते.”

“काय चार?” धाकट्याने विचारलं.

तिने पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून एक अर्धी संपलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. गोळ्या त्याच. “सकाळी आई देतात त्या दोन. आणि दुपारी जेवण झाल्यावर माझ्या मी दोन. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जुनी चिठ्ठी दाखवून आणते.”

“पण का?” डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला.

“सहावा महिना लागला तेव्हा पोटात कळा यायला लागल्या. सारखं संडासला जावं लागायचं. मला वाटलं, आलं परत. मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं.” ती भराभर बोलत होती, थांबली तर पुढचं राहून जाईल अशी. “घरात सांगितलं असतं तर हा कामधंदा सोडून बसला असता. आईंनी जेवण सोडलं असतं. आणि आपल्याकडे नाही का, डाग निघाला असं वाटलं तरी दुसरं पाणी देतात, उगाच राहून जायला नको म्हणून? मला वाटलं, आपणही दुसरं पाणी द्यावं. गोळी बाळाला चालते असं तुम्हीच म्हणाला होतात. चालते तर थोडी जास्त चालेल, असं... मला काय माहीत यकृत...”

“अगं पण मला तरी...” धाकटा म्हणाला. चिडावं की मिठी मारावी हेच त्याला कळत नव्हतं. त्याने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

फोनमधून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. “बाई, सुटलं कोडं. पेशींचंही सुटलं. आजपासून एकही गोळी नाही. आतड्याची काळजी करू नका, एवढी गोळी पोटात गेलीय की तिचा असर काही आठवडे राहील. त्यातूनही आजार उठलाच तर बाळाला चालणारं दुसरं औषध आहे माझ्याकडे. आणि बेटा, त्या कळा आजाराच्या नसाव्यात. बाळ जागा करत होतं. मला एक फोन करायचास.”

“आणि बाळ?” धाकटीने विचारलं. “काढणार?”

“आज नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तू इथेच राहायचंस. पित्त उतरवायचं औषध देते, रोज रक्त तपासू, बाळाचे ठोके ऐकत राहू. उतरायला लागलं तर वाट बघू. नाही उतरलं तर बघू.”

‘बघू’ म्हणजे काय, हे कुणीच विचारलं नाही. टेबलावरची पट्टी उचलायला धाकट्याने हात पुढे केला, पण धाकटीने ती आधीच उचलून थोरलीच्या हातात दिली होती. “ताई, ही फेकून द्या. मला परत देऊ नका. मागितली तरी.”

“मागून तर बघ, थोबाड फोडीन,” थोरली म्हणाली आणि तिने पट्टी मुठीत आवळली. ती रडत होती.

मालकीणबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता सुनेवर बरसणार. त्या काही न बोलता दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा दारापर्यंत गेल्या. आपण कुठे चाललो आहोत हेच त्यांना ठरवता येत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात अजून झाडू फिरत होता आणि मालकीणबाई पलंगाशी येऊन उभ्या. हात रिकामे.

“आई? एवढ्या सकाळी? बॉयलर?”

“थोरल्याने पेटवला.”

“इथल्या गोळ्या नर्सच देते, आई.”

“ठाऊक आहे.” त्या उभ्याच. “घरी या वेळेला तुझ्या खोलीशी गेले. मग आठवलं, तू नाहीस. मग आठवलं, असतीस तरी द्यायचं काही नाही. मला समजेना मी काय करायचं. म्हणून आले.”

धाकटीने पाय आवरून जागा केली. “बसा ना.”

मालकीणबाई पलंगाच्या अगदी कडेला टेकल्या. अंगावर घालायला कुणी नवीन कापड द्यावं आणि ते चुरगळू नये म्हणून माणसाने अवघडून बसावं, तशा.

“माझ्या समोर तोंड उघडून दाखवायचीस,” मालकीणबाई म्हणाल्या. “आणि दुपारी परत खायचीस.”

“हो.”

“माझ्या भीतीने?”

“तुमच्या नाही. मलाच भीती वाटायची. अजून वाटते. आज गोळी नाही घेतली, तर उठल्यापासून चारदा पर्सची चेन चाचपली मी. आज बंद केली आणि मागच्यासारखं झालं तर? मला काही कळत नाही, आई. डॉक्टर सांगतात ते पटतं, आणि ते गेले की पटत नाही.”

“मलाही पटत नाही,” मालकीणबाई म्हणाल्या. “रात्रभर मी देवाला विचारत होते, बंद बरोबर की चालू बरोबर. त्यालाही ठरवता आलं नसावं.” आणि मग त्यांनी सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला. चुकलं म्हणाल्या नाहीत, सगळं ठीक होईल असंही म्हणाल्या नाहीत. तळव्यावर हळूहळू बोटं फिरवत राहिल्या, खाजत होतं तिथे. धाकटीला इतकं बरं वाटलं की तिने डोळे मिटले.

रक्त घ्यायला नर्स आली. कोवळी पोर होती, घाईत होती, ट्रेमधल्या बाटल्या किणकिणत होत्या. तिने धाकटीच्या दंडाला रबरी पट्टा आवळला आणि कोपराने मालकीणबाईंना हलकेच ढोसलं.

“आजी, जरा सरकता का तिकडे?”

मालकीणबाईंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. शेजारचा पलंग रिकामा, त्याच्यापलीकडे भिंत.

“ही आजी कुणाला म्हणाली गं?” त्यांनी सुनेला विचारलं.

“तुम्हाला, आई.”

मालकीणबाई सरकल्या नाहीत. त्यांची हनुवटी थरथरायला लागली, मग खांदे, आणि मग लाँड्रीतल्या सगळ्या कामगारांना धाकात ठेवणारी ती बाई तोंडात पदराचा बोळा कोंबून हमसाहमशी रडायला लागली.

नर्स घाबरली. हातातली सुई तशीच धरून ती म्हणाली, “अहो आजी, सुई यांना टोचायचीय. तुम्हाला नाही.”